बाक निम्मे मोकळे, तरी कुणी हलेना

नंदगडला वास्तुशांतीची शेवटची पंगत उठली आणि आमच्या थोरल्या आत्यांनी माझ्या भाच्याला खिंडीत गाठलं. "बेंगळुरूला जाऊन पाच वर्षं झाली की रे. करतोयस तरी काय नेमकं?"

भाचा पदार्थविज्ञानात पीएचडी करतोय. विषय आहे थरांच्या ऑक्साइडांचे इलेक्ट्रॉनिक गुणधर्म. त्याने तो एकदा इंग्रजीत सांगितला, एकदा मराठीत, आणि दोन्ही वेळा आत्यांचा चेहरा होता तसाच राहिला. शेवटी तो म्हणाला, "आजी, पावडर कुटतोय, तिच्या वड्या पाडतोय, भट्टीत भाजतोय आणि मग त्यातनं वीज जातेय काय बघतोय."

"मग त्याला बेंगळुरू कशाला? खानापुरात भट्ट्या काय कमी आहेत?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवल्यावर मला आत्यांचं बोलणं फारसं चुकीचं वाटेना. खानापूरच्या कुंभाराची भट्टी आणि भाच्याची भट्टी यांचं नातं खरंच जवळचं आहे. तेवढ्यात हात पुसत एक पाव्हणे म्हणाले, "मागे मोबाइलवर आलं होतं बघा, वीज अजिबात न खाणारा दगड सापडला म्हणून. तेच काय हे?" ते हे नाही, पण त्याचंही पुढे सांगतो.

ऑक्साइड म्हणजे गंजच ना? त्यातून कसली वीज?

शंका रास्त आहे. धातूला ऑक्सिजन चिकटला की ऑक्साइड होतं. लोखंडाचा गंज, जांबोटीकडचा तांबडा जांभा, बॉक्साइटपासून आपल्या बेळगावात काढतात ती पांढरी अॅल्युमिना, ही सगळी ऑक्साइडंच. आणि ही सगळी विजेला अडवतात. उद्यमबागेतला वायरमन जोड घट्ट करण्याआधी तार चाकूने खरवडतो, ती उगाच नव्हे.

अडवतात कारण धातूचे मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन ओढून घेतो आणि सोडत नाही. पण सगळीच ऑक्साइडं अशी कंजूष नसतात. तुमच्या मोबाइलच्या काचेवर बोट टेकलं की ते ओळखणारा पारदर्शक थर असतो ना, तो इंडियम आणि कथलाच्या ऑक्साइडचा, आणि त्यातून वीज व्यवस्थित वाहते. रेनियम नावाच्या धातूचं एक ऑक्साइड तर धातूसारखं चमकतं आणि वीजही धातूसारखीच वाहून नेतं. म्हणजे 'ऑक्साइड म्हणजे रोधक' हा नियम नाही, आपल्या रोजच्या अनुभवातून बसलेला समज आहे.

थर म्हणजे कसले?

बेळगावकराला हे समजावणं सोपं, कारण आपल्याकडे मांडे आहेत. खापरावर भाजलेला कागदासारखा पातळ पापुद्रा, मध्ये तूप-साखर, त्यावर घडी, पुन्हा पापुद्रा. भाच्याच्या पदार्थात पापुद्रा असतो एकाच अणूच्या जाडीचा. तांब्याचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घराच्या कोपऱ्यांवर तांब्याचा अणू आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध ऑक्सिजन, अशी सपाट जाळी. दोन जाळ्यांच्या मध्ये सारण म्हणून लँथॅनमसारख्या धातूचं ऑक्साइड. मग पुन्हा जाळी. असा १ मिलिमीटर जाडीचा स्फटिक घेतला तर त्यात तांब्याच्या जाळ्या भरतात साधारण १५ लाख.

हे थर नुसते चित्रातले नाहीत. बिस्मथ घातलेलं जे तांब्याचं ऑक्साइड आहे, त्याचे पापुद्रे चिकटपट्टीने सोलता येतात, अगदी अभ्रकासारखे. पापुद्र्याच्या अंगाने वीज जितक्या सहज जाते, त्याच्या हजारो पटींनी जास्त अडथळा तिला एका पापुद्र्यातून दुसऱ्यात उतरताना होतो. इलेक्ट्रॉन त्या सपाट जाळीत जणू कोंडलेले असतात. कोंडलेल्या गर्दीला एकमेकांचा धक्का जास्त लागतो, आणि इथलं सगळं नाट्य त्या धक्क्यातूनच सुरू होतं.

थरांचा आणखी एक फायदा. इलेक्ट्रॉनांची ये-जा जाळीत आणि आपण करतो ती ढवळाढवळ सारणात. रस्ता एका गल्लीत, खोदकाम दुसऱ्या. (आमच्या गल्लीत हे अजून कुणाला जमलेलं नाही.)

खानापूर गाडीतले बाक

आता मुख्य भाग. बेळगावहून खानापूरला जाणारी सकाळची गाडी डोळ्यांसमोर आणा. दोघांचे बाक. प्रत्येक बाकावर एकेक माणूस, आणि शेजारी त्याची पिशवी. म्हणजे गाडी निम्मी मोकळी आहे.

पाठ्यपुस्तकातला नियम सांगतो की सगळ्या जागा भरलेल्या असल्या तर कुणाला सरकायला वाव नाही, तो पदार्थ रोधक. जागा मोकळ्या असल्या तर इलेक्ट्रॉन सरकू शकतात, तो पदार्थ धातू. तांबं, अॅल्युमिनियम, सिलिकॉन यांना हा नियम चोख लागू पडतो. आपली सगळी कॉम्प्युटरची दुनिया त्यावर उभी आहे.

तांब्याच्या जाळीतही प्रत्येक अणूपाशी हिशेबात धरण्यासारखा एकच इलेक्ट्रॉन, आणि जागा दोघांची. नियमाने वीज धो-धो वाहायला हवी. प्रत्यक्षात थेंब जात नाही.

कारण गाडीत कुणी जागा बदलायची म्हटलं, तर आधीच बसलेल्या परक्या माणसाला पिशवी उचलायला लावून त्याच्याशेजारी बसावं लागतं. कोण बसणार? दोन इलेक्ट्रॉन एकाच अणूपाशी आले की एकमेकांना जोरात ढकलतात. तांब्याच्या या ऑक्साइडात एवढी हालचाल करायला जी ऊर्जा लागते, ती खोलीतल्या उष्णतेने इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जेच्या सत्तर-ऐंशी पट आहे. त्यामुळे निम्मे बाक मोकळे असूनही प्रत्येक जण आपल्या बाकावर घट्ट.

अशा पदार्थाला 'मॉट रोधक' म्हणतात. कोडं जुनं आहे. १९३७ मध्ये डी बोअर आणि व्हर्वे या दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की निकेल ऑक्साइड नियमाप्रमाणे धातू असायला हवं, पण ते चांगलं हिरवट, पारदर्शक आणि रोधक आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी १९४९ मध्ये त्याचं कारण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीत शोधलं. पाठ्यपुस्तकातला नियम प्रत्येक इलेक्ट्रॉनला एकटा समजतो. इथे तो एकटा नसतो, सगळ्या गर्दीचा एकदम विचार करावा लागतो, आणि गर्दीचं गणित भयंकर अवघड. ते मीही वर्गात झाकून पुढे जात असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

अजून एक गंमत. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकलं लोहचुंबकही असतो. शेजारच्या अणूंवरचे इलेक्ट्रॉन उलटसुलट तोंडं करून बसतात, जसा एका बाकावरचा खिडकीकडे, पुढच्या बाकावरचा वाटेकडे, त्याच्या पुढचा पुन्हा खिडकीकडे. गाडीभर हीच रचना. ती पुढे महत्त्वाची ठरते.

पिरनवाडीला एक जण उतरतो

उतरला. एक पूर्ण बाक रिकामा झाला. मागच्या बाकावरचा लगेच तिथे सरकला, आता कुणाशेजारी बसायचं नाही ना! त्याचा बाक रिकामा झाला, त्यावर त्याच्या मागचा. उतरला एकच माणूस, पण गाडीभर हालचाल सुरू झाली.

प्रयोगशाळेत माणूस उतरवायची युक्ती अशी. सारणातला लँथॅनमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. त्याच्या जागी स्ट्रॉन्शियमचा अणू बसवला तर तो दोनच देतो. तुटीचा तो एक इलेक्ट्रॉन तांब्याच्या जाळीतून वसूल होतो. याला डोपिंग म्हणतात. मी साध्या भाषेत मापून केलेली भेसळ म्हणेन.

इथे वर्गात कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर वीज कमी नको व्हायला?" साध्या धातूत ते बरोबर ठरलं असतं. इथे अडचण माणसांच्या तुटवड्याची नव्हतीच. सरकायला निर्धास्त जागा नव्हती.

भेसळीचं प्रमाण मात्र सोनाराच्या काट्याने सांभाळावं लागतं. लँथॅनमच्या या पदार्थात शंभर तांब्यांमागे पाच-सहा इलेक्ट्रॉन कमी केले की, खूप थंड केल्यावर, विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा व्हायला लागतो. सोळाच्या आसपास परिणाम सर्वांत जोरदार. सत्तावीसच्या पुढे गेलात की सगळी जादू संपून साधा धातू उरतो. म्हणजे एकाच पदार्थाची तीन रूपं, आणि फरक फक्त भेसळीचा.

आत्यांची भट्टी

खानापूरच्या मातीचं मडकं भट्टीत मोकळी हवा खेळती ठेवून भाजलं तर तांबडं होतं. भट्टी लिंपून धूर कोंडला तर तेच मडकं काळं. माती तीच, तिच्यातलं लोखंडही तेच, फक्त त्याला मिळालेला ऑक्सिजन कमी. कुंभाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

भाचा शिकाऊ असताना त्याने पहिल्यांदा जो पदार्थ केला तो यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचा. अणूंचं प्रमाण १, २ आणि ३. यिट्रियमचं ऑक्साइड, बेरियमचं कार्बोनेट आणि तांब्याचं ऑक्साइड तोलून अकीकाच्या खलात घालायचं आणि तासभर घोटायचं. मनगट भरून येतं. मग ९०० अंशांच्या पुढे भाजायचं, काढून परत घोटायचं, दाबयंत्रात वडी पाडायची, पुन्हा भाजायचं आणि शेवटी ऑक्सिजनच्या झोतात सावकाश थंड करायचं. त्याने पहिल्या खेपेला घाई केली. वडी दिसायला काळीभोर, सुबक, पण ऑक्सिजन पुरेसा मुरलेला नव्हता. वीज अडखळत गेली आणि थंड केल्यावर आणखीच अडखळली. या पदार्थाच्या सूत्रात ऑक्सिजनचा आकडा ६ असला तर तो रोधक, ७ च्या जवळ गेला तर उणे १८० अंशांना अतिवाहक. एवढ्या एका अणूच्या फरकासाठी त्याचे दोन आठवडे गेले.

'अतिवाहक' हा शब्द आला, तर सांगून टाकतो. ज्यातून वीज जाताना विरोध शून्य होतो, तार तापत नाही, विजेची गळती होत नाही, तो अतिवाहक.

उणे १८०? एवढ्या थंडीचा कुणाला उपयोग?

ही थंडी वाटते तेवढी परकी नाही. गुरांच्या दवाखान्यात लांब मानेचा अॅल्युमिनियमचा कॅन पाहिला असेल. बूच काढलं की पांढरी वाफ उसळते. त्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवलेल्या असतात, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. निपाणी-चिकोडीच्या खेड्यांतून तो कॅन मोटारसायकलला बांधून फिरतो. म्हणजे भाच्याची ती वडी गुरांच्या डॉक्टरांच्या कॅनमध्ये बुडवली तरी अतिवाहक होईल.

याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागेल. १९११ मध्ये नेदरलँड्समध्ये कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात अतिवाहकता सापडली, पण उणे २६९ अंशांना. तिथे पोचायला द्रव हेलियम लागतो, आणि तो महाग. पुढची पंचाहत्तर वर्षं धातू आणि मिश्रधातू घेऊन ही पायरी जेमतेम वीस अंशांनी वर सरकली. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लँथॅनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडात, म्हणजे लोक ज्याला मातीची वडी म्हणून हिणवतील अशा पदार्थात, अतिवाहकता दाखवली. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि यिट्रियमच्या पदार्थाने द्रव नायट्रोजनची पायरी ओलांडली. १९८७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला यावर भरलेली सभा रात्री तीनपर्यंत चालली होती, जागर असल्यासारखी. १९९३ मध्ये पारा घातलेल्या अशाच थरांच्या ऑक्साइडाने उणे १४० अंश गाठले.

आपल्याकडेही हे क्षेत्र नवखं नव्हतं. बेंगळुरूचे सी. एन. आर. राव आणि त्यांचे सहकारी १९८६ च्या आधीपासूनच थरांच्या ऑक्साइडांचा अभ्यास करत होते. २०१४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

मग हे होतं कसं, ते तरी कळलं का?

निम्मं. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, हे नक्की. एरवी एकमेकांना ढकलणारे दोघे जोडी का जमवतात, हा प्रश्न आहे. पाऱ्यासारख्या धातूंत अणूंच्या थरथरीमुळे जोडी जमते, हे १९५७ मध्येच उलगडलं. थरांच्या तांबे-ऑक्साइडांत तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच जणांचा कयास असा की ती खिडकीकडे-वाटेकडे तोंडं करून बसायची रचना इथे कामाला येते. एकटा इलेक्ट्रॉन सरकला की रचना विस्कटते, आणि दोघांनी मिळून सरकणं फायद्याचं ठरतं. सगळ्यांना पटेल असा सिद्धांत मात्र अजून नाही. गाडीची उपमाही इथेच उतरवून ठेवतो, पुढे ती दिशाभूल करेल.

विरोध शून्य झाला, हे ओळखायचं कसं?

वडीला दोन तारा जोडून मोजलं तर तारेचा आणि जोडाचा विरोधही मापात येतो. पोत्यासकट गूळ तोलल्यासारखं. म्हणून चार तारा लावतात. बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन तारांवर फक्त विजेचा दाब मोजायचा. आतल्या तारांतून जवळजवळ काहीच वाहत नाही, त्यामुळे पोत्याचं वजन आपोआप गळतं. केसासारख्या तारा चांदीच्या लेपाने चिकटवायच्या असतात. भाचा म्हणतो, हात थरथरायला नकोत म्हणून त्या दिवशी तो चहा घेत नाही.

इलेक्ट्रॉन आत कसे वागतात हे पाहायला दुसरी युक्ती. प्रकाशाचा मारा करून इलेक्ट्रॉन बाहेर उडवायचे आणि कोण कुठल्या दिशेने किती वेगाने निघाला ते टिपायचं. त्यासाठी खास प्रखर प्रकाश लागतो. आपल्या देशात तो इंदूरला इंडस-२ नावाच्या यंत्रात तयार होतो.

चाळीस वर्षं होत आली, तारा अजून अॅल्युमिनियमच्याच का?

कारण हा पदार्थ शेवटी खापरच आहे. वाकवला की तडकतो. शिवाय वडीतले कण एकमेकांशी नीट जुळून बसले नाहीत तर जोडावर वीज अडते. त्यामुळे धातूच्या पट्टीवर त्याचा पातळ मुलामा चढवून फीत करावी लागते, आणि ते खर्चिक काम आहे. तरी जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये १ किलोमीटर लांबीची अतिवाहक केबल प्रत्यक्ष वीजपुरवठ्यात जोडली गेली. आपल्या रानातून जाणाऱ्या खांबांवर ती इतक्यात दिसणार नाही.

पण थरांची ऑक्साइडं तुमच्या खिशात केव्हाच येऊन बसली आहेत. बहुतेक मोबाइलच्या बॅटरीत लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड असतं. कोबाल्ट-ऑक्सिजनचे पापुद्रे आणि मध्ये सारण लिथियमचं. ऑक्सफर्डमध्ये १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने ते बॅटरीसाठी वापरून दाखवलं. २०१९ मध्ये इतर दोघांबरोबर त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. फोन चार्जिंगला लावला की पापुद्र्यांमधलं लिथियम निघून दुसऱ्या बाजूला जातं, वापरताना परत येतं. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की लिथियमने पूर्ण भरलेलं असताना ते ऑक्साइड रोधक असतं, आणि थोडं लिथियम निघालं की धातूसारखं वागायला लागतं. रोज रात्री उशाशी फोन चार्ज होताना हा पालट होतो.

मोबाइलवर आलेला तो दगड

पाव्हण्यांना आठवत होता तो एलके-९९. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या एका गटाने जाहीर केलं की शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा हा पदार्थ घरातल्या तापमानाला, किंबहुना त्याहूनही वर, अतिवाहक आहे. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ घरोघर फिरला. महिनाभरात जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही, तो करून पाहिला. अतिवाहकता कुणालाच सापडली नाही. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहिली होती. ते शंभर अंशांच्या थोडं वर रूप बदलतं आणि त्याचा विरोध एकदम घसरतो. त्या घसरणीलाच अतिवाहकता समजलं गेलं. शुद्ध स्फटिक केले, तर ते चक्क रोधक निघाले.

भाचा सध्या काय भाजतोय?

निकेल. तांब्याच्या शेजारचा धातू. तांब्याच्या जाळीत घडतं ते निकेलच्या जाळीत घडेल का, हा प्रश्न जुना. २०१९ मध्ये स्टॅनफर्डला पहिल्यांदा जमलं, उणे २६० अंशांच्या आसपास. २०२३ मध्ये चीनमधल्या गटाने लँथॅनम-निकेलच्या एका थरांच्या ऑक्साइडात उणे १९३ अंशांना अतिवाहकता दाखवली. गुरांच्या डॉक्टरांचा कॅन जवळपास पुरला असता, पण त्यासाठी पदार्थाला वातावरणाच्या लाखाहून जास्त पट दाबात चेपावं लागलं. मग २०२४ च्या अखेरीस त्याचा अगदी पातळ थर जरा आखूड जाळीच्या दुसऱ्या स्फटिकावर चढवला गेला. तंग अस्तराला शिवलेलं कापड आक्रसतं तसा तो आडवा आक्रसला, आणि बाहेरून दाब न देता उणे २३० अंशांच्या आसपास अतिवाहकतेची सुरुवात दिसली.

भाच्याच्या वड्या त्याच घराण्यातल्या. सारणातला धातू थोडा बदलला तर निकेलच्या जाळ्या कशा वाकतात आणि विरोध किती बदलतो, एवढंच तो मोजतो. आतापर्यंत सतरा वड्या झाल्या, अतिवाहक एकही नाही. अठरावी ऑक्सिजनमध्ये थंड व्हायला ठेवून तो वास्तुशांतीला आला होता.

निघताना आत्यांनी त्याच्या पिशवीत मांड्यांचा पुडा ठेवला आणि विचारलं, "ती वडी आता परवापर्यंत भट्टीत तशीच?"

"होय आजी. घाई केली की ऑक्सिजन मुरत नाही."

"मग जेवून जा की रात्रीचं."